मदत हवी आहे: डिमेन्शिया असलेल्या आजींना खरं सांगायचं की वेळ मारून न्यायची?

जूनपासून दर शनिवारी चार ते सहा पुण्यातल्या एका वृद्धाश्रमात स्वयंसेवक म्हणून जाते. प्रशिक्षण म्हणाल तर तासाभराचं: हात धुवा, फोटो काढू नका, परस्पर खाऊ देऊ नका. नोकरी बँकेत, त्यामुळे या विषयातलं ज्ञान शून्य.

माझ्या वाट्याला आलेल्या आजींना अल्झायमर आहे. वय ८२, शाळेत गणित शिकवायच्या. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण सत्तावीसचा पाढा न अडखळता म्हणतात आणि फुलवाती अशा वळतात की बघत राहावं. (मी वळलेल्या गुपचूप उलगडून पुन्हा वळतात.)

पाच वाजले की सुरू होतं, "हे आले का गं?" यजमानांना जाऊन अकरा वर्षं झालीत. पहिल्या शनिवारी मी सरळ सांगून टाकलं, "आजी, आजोबा गेले ना." अशा रडल्या, जणू निरोप आत्ताच आला. दहा मिनिटांत रडायचं कारण विसरल्या, पण पदर डोळ्यांना लावणं सहा वाजेपर्यंत चालूच. मधेच पुन्हा, "हे आले का?"

पुढच्या वेळी म्हटलं, "ऑफिसातून यायचेत." एकदम शांत. वाटलं, जमलं! चहा आला तर हात लावेनात. "हे आले की दोघं मिळून घेऊ." चहावर साय धरली तरी दाराकडे बघत बसलेल्या. माझ्या थापेपायी बाई चहाविना राहिल्या.

त्यात गेल्या शनिवारी त्यांची मुलगी आली होती. तिच्या कानावर माझं "यायचेत" पडलं. बाहेर बोलावून म्हणाली, "आईशी खोटं बोलू नका. तिने आम्हाला कधी बोलू दिलं नाही." मला उत्तरच सुचलं नाही. तिचं चुकतंय असंही वाटत नाही.

ज्यांनी घरी किंवा संस्थेत असं माणूस सांभाळलंय त्यांनी सांगा, तुम्ही काय बोलता? धीराचे शब्द नकोत, नेमकी वाक्यं हवीत.

प्रतिसाद:
सासूबाईंना सहा वर्षं सांभाळलं, त्यावरून सांगते. "हे आले का"ला हो-नाही उत्तर द्यायचंच नाही. "आठवण येतेय का त्यांची?" म्हणा आणि त्यांच्याबद्दलच विचारत जा. गोष्ट पुसली जाते, हुरहूर मागे राहते. पदराचं तुम्ही पाहिलंतच. संध्याकाळची घालमेल या आजारात पुष्कळांची होते. अंधारायच्या आत दिवे लावा, जमलं तर सकाळी जाऊन बघा. "मला ओळखलंत का?" कधी विचारू नका, आपलं नाव आपणच सांगायचं. आणि एक-दोन दिवसांत गोंधळ अचानक वाढला तर आजारच बळावला असं धरून बसू नका, नर्सला सांगा. आमच्याकडे लघवीचा संसर्ग निघाला होता.

धागाकर्ती:
या शनिवारी सकाळी दहाला गेले. प्रश्न आलाच. विचारलं, "चहात साखर किती लागते हो त्यांना?"
"दीड चमचा. डॉक्टरांना मात्र अर्धाच सांगतात." आणि हसल्या. स्वतःचा कप पूर्ण प्यायल्या.

मुलीशी अजून बोलले नाहीये. थेट फोन करावा, की तिथल्या मॅनेजरबाईंना मध्ये घ्यावं?