'टीव्ही लायसन्स फी'ला मराठीत काय म्हणावं?

ब्रिटनच्या टीव्हीवर मराठीत लेख लिहितेय. 'लायसन्स फी'ला 'परवाना शुल्क' लिहिलं, पण वाचताना बंदुकीचा परवाना आठवतो. 'वर्गणी' चालेल का?

— वर्गणी नको. वर्गणी आपखुशीची असते. तिथे ही फी ज्या बीबीसीसाठी घेतात ती कधी लावली नाही, नुसती आयटीव्ही ही खासगी वाहिनी लाइव्ह पाहिली, तरी फी भरावीच लागते. चुकवली तर गुन्हा, १,००० पौंडांपर्यंत दंड. 'परवाना' मला चुकीचा वाटत नाही. १९४६ साली टीव्हीचा परवाना सुरू झाला तेव्हा तो दोन पौंडांना मिळायचा. आपल्याकडेही रेडिओचं लायसन होतंच की! आजोबांची पुस्तिका अजून माझ्याकडे आहे. दरवर्षी पोस्टात जाऊन तिकीट चिकटवायचं, वर गोल शिक्का.

— इतिहासाला 'परवाना' ठीक, पण आजच्या अर्थाला 'पट्टी' जवळचा. घरपट्टी, पाणीपट्टी, तशी टीव्हीपट्टी. आकारणी माणशी नाही, घरटी आहे. घरात टीव्ही चार असले तरी पट्टी एकच. एप्रिल २०२५ पासून ती वर्षाला १७४.५० पौंड होती. २००६ मध्ये तिथल्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने तिची गणना करातच केली. 'शुल्क' म्हटलं की सेवा घेतली, पैसे दिले, असा अर्थ होतो. तसं ते नाही.

टीव्हीपट्टी आवडलं! मग चॅनेल फोरला 'सरकारी वाहिनी' म्हणू का?

— कृपया नको. 'सरकारी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जुनं दूरदर्शन येतं. चॅनेल फोरची मालकी सार्वजनिक, पण १९८२ पासून ते जगतं मुख्यतः जाहिरातींवर. बीबीसीही सार्वजनिकच, पण देशातल्या तिच्या वाहिन्यांवर जाहिराती नाहीत. मालकी कोणाची आणि पैसा कुठून येतो, या दोन गोष्टींना दोन शब्द हवेत. 'सार्वजनिक मालकीची, जाहिरातींवर चालणारी' लिहा. लांबतं, पण खरं आहे.

आणि 'कमिशन'? चॅनेल फोर कार्यक्रम कमिशन करतं, असं वाचलं.

— ते तसंच ठेवलंत तर वाचकाला दलाली वाटेल. चॅनेल फोर सुरुवातीपासून कार्यक्रम स्वतः बनवत नव्हतं, बाहेरच्या निर्मात्यांना पैसे देऊन त्यांच्याकडून घेत होतं. स्वतः बनवायला त्याला कायद्याने बंदीच होती, ती २०२४ च्या कायद्याने उठली. मराठीत यासाठी सरळ क्रियापद आहे: 'करवून घेणे'. 'चॅनेल फोर कार्यक्रम बाहेरून करवून घेतं' एवढं पुरे. फक्त 'विकत घेतं' लिहू नका. २००३ च्या कायद्यानंतर अशा कार्यक्रमांचे हक्क बहुतेक वेळा निर्मात्याकडेच राहतात, वाहिनीला मिळतो तो ठरावीक काळ दाखवण्याचा हक्क.