पेटी वाजवताना फोनचा आवाज कमीजास्त करायचा कसा? बटनापर्यंत हात पोचत नाही

पेटीवाले_माशेल

नमस्कार मंडळी. प्रश्न फोनचा आहे, पण आधी पेटीचं सांगितल्याशिवाय तो कळणार नाही. जरा सहन करा.

मी माशेलचा. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. संध्याकाळी पाचनंतर आमच्या सोप्यावर सहा-सात मुलं भजन शिकायला बसतात. घरचा तानपुरा होता, त्याच्या भोपळ्याला चीर गेली आणि तेव्हापासून तानपुरा फोनवरच. ॲप लावायचं, छोट्या ब्लूटूथ स्पीकरला जोडायचं आणि काळी दोनमध्ये सूर धरायचा. इथवर उत्तम.

आता गंमत बघा. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर. फोन पेटीच्या वरच्या फळीवर, वहीला टेकून. सगळी मुलं मिळून गायला लागली की तानपुरा ऐकूच येत नाही, वाढवावा लागतो. मग एकटी धाकटी मुलगी उठते, तिचा आवाज चिमणीएवढा, की लगेच कमी करावा लागतो. तासाभरात दहा-बारा वेळा तरी हे होतं. प्रत्येक वेळी उजवा हात उचलला की सूर तुटतो, डावा उचलला की भाताच बसतो.

त्यात आवाज वाढवायचं बटन गेल्या पावसाळ्यात आत बसलं. नखाने दाबावं लागतं, तेही दोन-तीनदा. दुरुस्तीवाल्याने आतली पट्टी बदलून दिली, आठ दिवसांत पुन्हा तेच. फोनशी बोलून काम होतं म्हणे, पण पेटी चालू असताना त्याला माझं काही ऐकू येत नाही, आणि मुलं हसतात ते वेगळं.

ऐकलंय की काही ॲप आपल्या वतीने अशी कामं करतात. मला ओ की ठो कळत नाही. अँड्रॉइड १४ आहे. कोणी सोप्या मराठीत सांगेल का?

जाता जाता दुसरं दुखणं. मागच्या आषाढी एकादशीला देवळात भजनाला बसलो होतो. फोन सायलेंटवर टाकला होता, शपथेवर सांगतो. अभंग संपत आलेला, सगळे हळू झालेले, आणि साडेसातला स्पीकरमधून कोंबडा आरवला. माझा औषधाचा अलार्म! दुसऱ्या दिवशी चिखलकाल्यात, म्हणजे आमच्या देवळापुढच्या चिखलातल्या खेळात, अर्धा गाव माझ्याकडे बघून बांग देत होता. पखवाजवाला अजून देतो.

म्हापशेकर_पोरगो

काका, कोंबड्याचं शेवटी सांगतो. आधी बटनाचं, आणि आधी काहीच डाउनलोड करू नका.

सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी उघडा, त्यात ‘ॲक्सेसिबिलिटी मेन्यू’ असतो. तो चालू केलात की पडद्याच्या कडेला एक छोटं बटन तरंगायला लागेल. त्यावर टेकवलं की मोठमोठी चित्रं येतात, त्यात आवाज वर आणि आवाज खाली अशी दोन असतात. बटनं आणखी मोठी करायची सोयही तिथेच आहे. हे फोनचं स्वतःचं आहे, फुकट आहे, जाहिरात नाही. माझ्या आजीला हेच लावून दिलंय, तिचं भागतं.

तुमचं कदाचित भागणार नाही, कारण आधी मेन्यू उघडा, मग चित्र दाबा, म्हणजे दोन टिचक्या. तुम्हाला एका टिचकीत हवं. त्यासाठी मॅक्रोड्रॉइड नावाचं ॲप घ्या. फुकटात पाच मॅक्रो करता येतात, तुम्हाला लागणार दोन. मॅक्रो म्हणजे ‘असं झालं की तसं कर’ एवढंच. ‘असं झालं’च्या जागी फ्लोटिंग बटन निवडायचं, ‘तसं कर’च्या जागी मीडियाचा, म्हणजे गाण्याचा, आवाज एक पायरी वर. दुसरा मॅक्रो तसाच, एक पायरी खाली. बटनाचा आकार आणि चित्र आपल्याला हवं ते ठेवता येतं. दोन्ही बटनं पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात ओढून ठेवा, पट्ट्यांच्या सर्वांत जवळ. वाजवता वाजवता करंगळी गेली पाहिजे.

पहिल्यांदा ते ‘इतर ॲपच्या वर दिसण्याची’ परवानगी मागेल, ती द्या. ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली तर या कामासाठी देऊ नका, गरजच नाही. ती दिली की ॲपला तुमच्या पडद्यावरचं सगळं वाचता येतं, बँकेचं सुद्धा. आणि ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या, कोणी व्हॉट्सॲपवर फाईल पाठवली तर उघडू नका.

आता कोंबडा. अँड्रॉइडमध्ये आवाज एक नसतो काका. गाण्याचा वेगळा, रिंगचा वेगळा, अलार्मचा वेगळा, कॉलवर बोलतानाचा वेगळा. सायलेंट केलं म्हणजे रिंग गप्प झाली, अलार्मला त्याचा पत्ताच नाही. कितीतरी फोनांवर अलार्मची पट्टी पार शून्यावर येतच नाही. त्यामुळे तो आरवला यात तुमची चूक नाही, पखवाजवाल्याला सांगा.

मडगांवचो_टास्कर

वरच्या मुलाने बरोबर सांगितलंय. मी टास्करवाला, म्हणून दोन गोष्टी माझ्या घालतो. टास्कर हे तसलंच दुसरं ॲप, पण ते विकत घ्यावं लागतं आणि पहिले आठ दिवस डोकं खातं, त्यामुळे काकांना मॅक्रोड्रॉइडच बरं.

पायऱ्यांचं सांगतो. बहुतेक फोनांत मीडियाच्या आवाजाला १५ पायऱ्या असतात. लहान स्पीकरवर एक पायरी सुद्धा कानाला जाणवते, म्हणून एकदम दोन-दोन पायऱ्या वाढवायच्या भानगडीत पडू नका.

दुसरं म्हणजे फोन प्रत्येक जोडणीचा आवाज वेगळा लक्षात ठेवतो. स्वतःच्या स्पीकरचा एक, वायरच्या हेडफोनचा दुसरा, ब्लूटूथचा तिसरा. त्यामुळे घरी तुम्ही सातवर ठेवलात आणि स्पीकर जोडलात की तो कधीतरी तेरावर उडी मारतो, मुलं दचकतात. झालंय ना असं? त्याला तिसरा मॅक्रो वापरा. ‘ब्लूटूथ स्पीकर जोडला गेला’ हे कारण, मग चार सेकंद थांब, मग मीडियाचा आवाज अर्ध्यावर. ते चार सेकंद विसरू नका. जोडल्या जोडल्या आवाज बदलायला गेलात तर फोन मागाहून आपला जुना आकडा परत बसवतो, आणि मॅक्रो चालतच नाही असं वाटतं. यापायी मी एक अख्खा रविवार घालवलाय.

त्याच मॅक्रोत डू नॉट डिस्टर्ब, म्हणजे फोनला गप्प ठेवायची सोय, चालू करून टाका, आणि स्पीकर सुटला की ती बंद करायला चौथा मॅक्रो. त्याची परवानगी वेगळी असते, ॲप स्वतः त्या पानावर नेऊन सोडतं. पण आधी फोनच्या सेटिंगमध्ये डू नॉट डिस्टर्बच्या आत जाऊन अलार्मला जी सूट दिलेली असते ती काढा. मीडियाची सूट मात्र राहू द्या, नाहीतर तानपुराच गप्प. कोंबड्याचा बंदोबस्त होतो तो तिथे. मात्र औषध वेळेवर घ्यायची जबाबदारी मग काकूंची.

शिरोड्याची_सून

माझ्या सासूबाईंची बोटं संधिवाताने आखडलीत, बटन दाबताना फोनच हातातून निसटतो. त्यांच्याकडे आयफोन आहे. तिथे ॲक्सेसिबिलिटीत, टचच्या आत ‘बॅक टॅप’ आहे. पाठीवर दोनदा टिचकी मारली की आवाज वर, तीनदा मारली की खाली, असं लावून दिलं. आयफोन ८ पासून पुढच्या फोनांवर, आयओएस १४ नंतर चालतं. पोस्टवाल्या काकांना उपयोग नाही, पण हे वाचणाऱ्या कोणाला तरी होईल. एकच त्रास. सासूबाई फोन ओट्यावर ठेवतात तेव्हा सुद्धा कधी कधी त्याला टिचकी वाटते.

तबलजी_डिचोली

इतकं कशाला? सेल्फीसाठी बोटभर ब्लूटूथ रिमोट मिळतो, मी पर्वरीच्या बाजारातून आणला होता. तो फोटो काढतो म्हणजे खरं तर फोनला आवाज वाढवायचं बटन दाबल्याचा निरोप देतो, आणि कॅमेरा त्या बटनावर फोटो काढतो. कॅमेरा बंद असला की आवाजच वाढतो! पायाखाली ठेवा काका, हात मोकळे.

म्हापशेकर_पोरगो

डिचोलीवाले, तुमचा रिमोट आवाज खाली कसा आणणार? आणि काही रिमोटांवर अँड्रॉइडचं म्हणून जे वेगळं बटन असतं ते एंटर पाठवतं, त्याने आवाज ढिम्म हलत नाही.

पेटीवाले_माशेल

दहा दिवसांनी लिहितोय, क्षमस्व. आधी करून बघितलं, मग लिहायला बसलो.

फ्लोटिंग बटनं झाली. नातीने लावून दिली, पण दुसरा मॅक्रो मी स्वतः केला, हे नोंदवून ठेवतो. वरचं बटन सूर्याचं आणि खालचं चंद्राचं चित्र. चष्मा काढला तरी कळतं. करंगळी खरंच जाते. मध्यलयीत असलो तर मुलांच्या लक्षातही येत नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र सूर्य-चंद्र दोन्ही गायब. वाटलं मीच काहीतरी पुसलं. नातीने शोधून काढलं की फोन बॅटरी वाचवायला ॲपला परस्पर झोपवतो. ॲपच्या माहितीत बॅटरीवर जाऊन ‘अनिर्बंध’ केलं, तेव्हापासून टिकून आहेत. हे वर कोणी लिहिलं नव्हतं म्हणून मुद्दाम सांगतो.

मडगांवकर बाब, ते चार सेकंद अगदी खरं. मी आधी दोनच ठेवले होते, उडी मारायचाच. आता स्पीकर लावला की मी मनात एक आवर्तन मोजतो आणि तानपुरा आपोआप ठिकाणावर येतो.

आता डिचोलीकरांचा रिमोट. घरात एक पडलेला होता, नातीचाच. पायाखाली ठेवा म्हणालात, पण बाबा, पेटीला मी मांडी घालून बसतो, पाय मोकळा कुठला? उजव्या गुडघ्याखाली ठेवला. पहिल्या अभंगाला काही झालं नाही. दुसरा केरव्यात होता. मला गुडघ्याने ताल धरायची खोड, हे मला साठ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, रिमोटने सांगितलं. प्रत्येक समेला तानपुरा एक पायरी वर. आठ समा झाल्या आणि तानपुरा इतका गरजला की शेजारच्या माडावरचे कावळे उडाले. मुलांना वाटलं मी मुद्दाम करतोय, ती पण चढत्या आवाजात. रिमोट नातीला परत दिला.

अलार्मची सूट काढली आहे. औषधाचं काम हिने घेतलंय. साडेसातला आतून हाक येते, तीही भजनाच्या मधेच, पण निदान स्पीकरमधून येत नाही.

तबलजी_डिचोली

काका, चूक झाली, माफ करा. पण गुडघा फक्त समेलाच पडतो म्हणजे ताल पक्का आहे तुमचा.

पेटीवाले_माशेल

आठपैकी एक खालीवर झाली होती, तेवढी पोटात घाला.