नागपूरचा मे महिना आणि तापलेला लॅपटॉप : तुमचे अनुभव सांगा

महालचा_मुक्कामी

आज कूलरचा टुल्लू पंप काढायला माळ्यावर चढलो तर हाती लागली माझी दहावीची कंपासपेटी. आत अकरा बारीक काळे स्क्रू. पाहिल्याबरोबर नाकात तो वास आला, जळक्या धुळीचा.

मे २०१९. आमची वरच्या मजल्यावरची खोली, डोक्यावर टिन. लॅपटॉप २०१७ च्या दिवाळीत बाबांच्या एरियरमधून घेतलेला, १०५० टीआय ग्राफिक कार्डवाला (गेमचं चित्र काढणारी वेगळी चिप). 'प्रोजेक्टसाठी लागते' असं सांगितलं होतं. प्रोजेक्ट कसला ते बाबांना पहिल्याच रात्री कळलं, पण बोलले काही नाहीत.

एप्रिलपासून तापमान वाढल्याची वॉर्निंग यायची. मी ओके दाबायचो. मग गेम अडखळू लागला, सेकंदाला साठचे वीस फ्रेम. मग खेळता खेळता धप्पकन बंद. एचडब्ल्यूइन्फो (आतलं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून पाहिलं तर प्रोसेसर ९८, कार्ड ८७. कार्ड ८७ च्या वर जातच नव्हतं. म्हटलं वा, हे तरी कंट्रोलमध्ये आहे! नंतर कळलं की त्या आकड्याला पोचलं की कार्ड आपला वेग आपणच कमी करतं, म्हणून काटा पुढे सरकत नाही. ते कण्हून राहिलं होतं आणि मी त्याचं कौतुक करून राहिलो होतो.

बाबांनी विटेचे दोन तुकडे आणून त्यावर लॅपटॉप ठेवला. हसू नका, पाच-सहा डिग्री उतरले. माझी अक्कल त्यापुढची : लॅपटॉप थेट कूलरसमोर.

एका रात्री गेममध्ये हिरव्या चौकटी दिसल्या. डेस्कटॉपवर आलो तर सगळं स्वच्छ. परत गेम, परत चौकटी. सेफ मोडमध्ये डीडीयू (ड्रायव्हर मुळासकट काढायचं टूल) चालवून कार्डचा ड्रायव्हर काढला, नवा टाकला, जुना टाकला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड ४३, म्हणजे कार्डात बिघाड म्हणून विंडोजने ते थांबवलं. वॉरंटी कधीच संपलेली. बर्डीच्या बाजारात एकाने चिपवर हीट गनची कडक गरम हवा मारून दिली, अडीच हजार घेतले. एकोणीस दिवस चाललं. विसाव्या दिवशी पुन्हा ४३. बाबा म्हणाले, "झोपू दे आता त्याले."

तुमचं काही असेल तर लिहा. मी पंप बसवून येतो.

नवतपा

४३ डिग्रीत कोड ४३. हिशोब बरोबर आहे भाऊ.

फोडणीत_मोहरी

आमच्याकडे मुलगा गादीवर पालथा पडून खेळतो. लॅपटॉप गादीत रुतलेला. खालची जाळी बंद झाल्यावर हवा येणार कुठून? दहा वेळा सांगितलं. शेवटी मी पोळपाट दिला, ह्याच्यावर ठेव म्हटलं. तेव्हापासून ठीक आहे, पण आता माझ्याकडे पोळपाट नाही. ओट्यावर पोळ्या लाटतेय. कुकर झाला, नंतर लिहिते.

पेस्टवाला

बरीच वर्षं हेच काम करतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

लॅपटॉपला एसी नसतो. तो खोलीतलीच हवा आत घेतो आणि तिनेच चिप थंड करतो. डिसेंबरात खोली २२ वर असताना कार्ड ७० दाखवत असेल, तर मे महिन्यात टिनाखालची खोली ४० वर गेली की तेच कार्ड तेच काम करताना ८७-८८ कडे जाणार. म्हणून आपल्याकडे दरवर्षी मे महिन्यात टेबलावर रांग लागते आणि बाहेरगावच्या पोट्ट्यांचे व्हिडिओ पाहून आपल्याला वाटते की माझ्याच मशीनमध्ये खोट आहे.

दुसरं, धूळ. मागच्या पत्र्याच्या बारीक फटी बाहेरून स्वच्छ दिसतात. पंखा उचलला की पंखा आणि त्या फटींच्या मधे नमद्यासारखी पट्टी निघते, चिमटीत धरून अख्खी उचलता येते. बाहेरून ब्लोअर मारला तर ती मोकळी होत नाही, अजून ठासली जाते. आणि हवा मारताना पातं काडीने अडवून धरायचं, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जाते.

तिसरं म्हणजे पॅड. लोक चिपची उष्णता तांब्याच्या पत्र्याकडे नेणारी पेस्ट बदलताना मेमरीवरचे त्याच कामाचे मऊ पॅडही बदलतात आणि जाड टाकतात. अर्धा मिलिमीटर जाड झाला तरी तांब्याचा पत्रा चिपवर नीट टेकत नाही. मग म्हणतात, महागाची पेस्ट लावली तरी ९५ काऊन?

हीट गनचं सांगू का? गरम केलं की तडकलेला सांधा काही दिवस पुन्हा लागतो, बस. बरेचदा दोष बोर्डवरच्या सांध्यात नसून चिपच्या आतल्या थरात असतो, तिथे रीबॉलिंग (चिप काढून खालचे सांधे नव्याने लावणं) करूनही फायदा नाही. २००८ च्या जुलैत ही कार्डं बनवणाऱ्या खुद्द एनव्हिडियाने लॅपटॉपच्या काही चिपमधलं मटेरियल कमजोर निघालं म्हणून १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढल्याचं जाहीर केलं होतं. एकोणीस दिवस चाललं म्हणजे बरंच चाललं.

नवतपा

पेस्टवाले भाऊ, माझा एकदा १२७ डिग्री दाखवत होता. हात लावला तर कोमट. घाबरून घरातले सगळे पंखे लावले.

पेस्टवाला

सेन्सर गेला. किंवा बायोस (मशीन सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) गंडलं.

नवतपा

२०२४ च्या मे महिन्यात आपल्या नागपूरचंच झालं होतं ना तसं! ५६ डिग्री म्हणून देशभर बोंबाबोंब, नंतर हवामान खातं म्हणते सेन्सर बिघडला होता. आख्ख्या शहराचं बायोस गंडलं.

कोथरूडात_अडकलेली

आणि माझी पुण्याची रूममेट त्या दिवशी मला फोन करून विचारते, तुमच्याकडे लोक जिवंत आहेत का? म्हटलं तर्री-पोहे खाऊन राहिलेत.

धंतोली_डायरी

खरा आकडा २३ मे २०१३ चा, ४७.९. तेव्हा मी बारावीच्या निकालाची वाट पाहत होते आणि कॉम्प्युटरपेक्षा मीच जास्त तापलेले.

विषयावर येते. मला गेमचं काही कळत नाही, पण ऑफिसचं व्हिडिओ एडिटिंग गेमिंग लॅपटॉपवर करते. पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ची ९९ केली. एक टक्क्याने काय होणार असं वाटेल, पण त्याने टर्बो बूस्ट, म्हणजे प्रोसेसरचा जास्तीचा वेग, बंद होतो. माझे ९६ चे ७८ झाले. एक्सपोर्टला थोडा वेळ जास्त लागतो, तेवढ्यात चहा होतो.

फोडणीत_मोहरी

धंतोली, हे मुलाला सांगू का? तो म्हणेल फ्रेम कमी होतात.

धंतोली_डायरी

होतील थोड्या. पोळपाट परत मिळेल.

सदरचा_पोट्टा

@महाल, कूलरसमोर ठेवला तिथेच चुकलं राजा. मी पण तेच केलं होतं. आपलं पाणी खारं, त्यात कूलरचं गवत जुनं झालं की बारीक शिंतोडे उडतात. लॅपटॉपच्या झाकणावर पांढरे ठिपके पडले होते, मी ओल्या फडक्याने पुसत राहिलो. खोलला तर बोर्डवर चार्जिंगच्या पिनेजवळ हिरवट बुरशीसारखं साचलेलं. ग्राफिक कार्ड चांगलं, बाकी सगळं गेलं. मामा म्हणाले, "माणसाले लावायचा कूलर मशीनले काऊन लावला बे?" उत्तर नव्हतं.

कोथरूडात_अडकलेली

गवतावरून आठवलं, वाळ्याच्या ताट्या आता कुठे चांगल्या मिळतात? आईला हव्यात. मागच्या वर्षी इतवारीतून आणल्या त्या पंधरा दिवसांत काळ्या पडल्या.

सदरचा_पोट्टा

वाळा मागायचा आणि हातात घेऊन वास घ्यायचा. वास नसला तर साधं गवत रंगवून देऊन राहिले समजायचं.

आजोबा_ऑनलाइन

आमच्या काळी टीव्ही तापला की वर ओला टॉवेल टाकत. टीव्ही गेला. टॉवेल अजून आहे.

नवतपा

आजोबा 🙏 हा धागा इथेच बंद करा कोणी.

पेस्टवाला

@महाल, एक राहिलं. तुझ्या मशीनमध्ये डेस्कटॉप स्वच्छ आणि चौकटी फक्त गेममध्ये, म्हणजे स्क्रीन प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर चालते. मेलेलं कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून डिसेबल कर, बाकीचा लॅपटॉप चालेल. फेकला नाहीस ना? आणि स्क्रू अकराच का? त्या मॉडेलांना खालून बहुतेक बारा असतात, मागच्या ओळीतले लांब. लांबवाला पुढच्या भोकात पिळू नको, टोक बोर्डला लागते.

महालचा_मुक्कामी

आलो. पंप बसला पण पाणी वर चढत नव्हतं, नळीत मागच्या वर्षीचं गवत अडकलेलं.

फेकला नाही दादा. कार्ड डिसेबल करूनच चालू आहे, आई त्याच्यावर कीर्तन ऐकते. खाली अजून त्याच विटा, आईने त्यांना लाल ऑइलपेंट मारलाय.

आणि बारावा स्क्रू आता सापडला. कूलरच्या रेग्युलेटरचं बटण नेहमी निसटून हातात यायचं ना, ते गेली काही वर्षं निसटत नाही, माझ्या कधी ध्यानातच आलं नाही. आज पाहिलं तर बाजूने बारीक काळा स्क्रू पिळलेला. बाबा दुपारचे झोपलेत. उठले की विचारतो.

सदरचा_पोट्टा

विचारू नको, काढून घेतील. पाणी चढलं का पण?

महालचा_मुक्कामी

चढलं.