झाकलेलं चित्र पुन्हा वर येतं

जुन्या तैलचित्राच्या कॅनव्हासवर नवं चित्र कसं रंगवायचं, या इथल्या चर्चेत कोणीतरी सल्ला दिलाय: ‘जुन्या तैलचित्रावर ॲक्रिलिक जेसोचे (रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात मारा आणि नवं चित्र सुरू करा’. तो कृपया कोणी पाळू नका. तेलाच्या थराला ॲक्रिलिक धड धरत नाही. मी तसं रंगवलेल्या एका कॅनव्हासच्या कोपऱ्याला काही महिन्यांनी नख लागलं, तर जेसोसकट नवं आकाश सायीसारखं सुटून आलं. खाली जुनं झाड जसंच्या तसं! आधी वार्निश असेल तर ते काढायचं, मग बारीक पॉलिश पेपर ओला करून हलक्या हाताने चकाकी घालवायची (जुन्या पांढऱ्यात शिसं असू शकतं, कोरडं अजिबात घासू नका), आणि वर तैलरंगच लावायचा.

अजून एक गोष्ट इथे कोणी लिहिली नाही. तैलरंगाचा थर वयाबरोबर जास्त पारदर्शक होत जातो, त्यामुळे झाकलेलं पुढे कधीतरी डोकावतं. पिकासोच्या १९०३-०४ मधल्या ‘द ओल्ड गिटारिस्ट’मध्ये म्हाताऱ्याच्या मानेमागे खालच्या चित्रातल्या बाईचा चेहरा नुसत्या डोळ्यांनीही अंधुक दिसतो. म्हणून जुन्यात गडद आकार असतील आणि त्यावर फिकट आकाश यायचं असेल, तर मध्ये करड्या रंगाचा एक सलग थर द्या आणि तो नीट वाळू द्या. जाड फटकारे मात्र रंगाने लपतच नाहीत. दिवे घालवून कॅनव्हासच्या कडेने टॉर्च मारा, उंचवटे लगेच दिसतील. ते आधी खरवडून सपाट करा.