लिस्बनमधील एका दिवसात मुलांना काय दाखवावे?

मांडवीकाठ, पणजी : गोव्यातील एका महाविद्यालयाचे विद्यार्थी पोर्तुगालच्या अभ्यासदौऱ्यावर निघाले असून लिस्बनसाठी त्यांच्या हाती एकच दिवस आहे. सकाळी बेलेम भागातला जेरोनिमुश मठ व दर्यावर्दींचे स्मारक, दुपारी आल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्या आणि रात्री फादो हे पोर्तुगीज गाणे, असा बेत ठरला आहे. आल्फामाच्या कडेलाच, कॅथेड्रलला लागून आल्जुब आहे. सालाझारशाहीत, म्हणजे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत, राजकीय कैद्यांना डांबण्याचा हा तुरुंग २०१५ पासून संग्रहालय झाला आहे. त्याचे नावही या बेतात नसावे, हे मला खटकते. गोवा मुक्तिलढ्यातील मोहन रानडे यांना लिस्बनजवळच्या काशियश किल्ल्यात ठेवले होते आणि गोवा मुक्त झाल्यावरही १९६९ उजाडेपर्यंत सोडले नव्हते. तो किल्ला आजही तुरुंगच असल्याने पाहता येत नाही. आल्जुब पाहता येते.

म्हापशाचा वाचक : असहमत. तुरुंगच दाखवायचा तर गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक जिथे कैदेत होते तो आग्वादचा किल्ला इथेच आहे, त्यासाठी लिस्बन कशाला गाठायचे? पणजीतील मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या फरशांवर पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातील प्रसंग रंगवलेले आहेत. मुले रोज त्यांच्यासमोरून जातात. त्या कवीची आणि वास्को द गामाची कबर जेरोनिमुशच्या एकाच चर्चमध्ये आहे. हा धागा जुळवून देणे हेच सांस्कृतिक सहलीचे काम.

मांडवीकाठ, पणजी : जेरोनिमुश वगळा असे मी म्हटलेलेच नाही. आग्वादला आपले कैदी दिसतात. आल्जुबमध्ये मात्र कोंडलेली माणसे बहुतांशी पोर्तुगीजच होती. ज्या राजवटीने आपल्याला दडपले तिने स्वतःच्या नागरिकांनाही एकांतवासाच्या अरुंद कोठड्यांत कोंबले, हे आग्वाद कसे सांगणार? शिवाय दर्यावर्दींचे ते दगडी स्मारक त्याच राजवटीने १९६० साली, म्हणजे आपल्या मुक्तीच्या आदल्याच वर्षी उभारले. ते पाहून मुले नुसती छायाचित्रे काढून परतली, तर सालाझारला हवे होते तेच घडले म्हणायचे.

डिचोलीकर : अठ्ठावीस क्रमांकाची ट्राम कॅथेड्रलसमोरूनच जाते, त्यामुळे वेगळी वाट धरावी लागणार नाही. फक्त सोमवार टाळा. त्या दिवशी मठ आणि आल्जुब दोन्ही बंद असतात. वेळ काढायचाच तर बेलेमच्या ‘नाता’ या कस्टर्डच्या पेस्ट्रीसाठी लागणाऱ्या रांगेतून काढावा, मुलांनी कितीही कुरकुर केली तरी.

म्हापशाचा वाचक : वेळ निघेल हो, पण सोबतच्या शिक्षकांनी सालाझारशाहीबद्दल आधी दोन तास बोलायला हवे, आणि ते बोलतील याची मला खात्री नाही. त्याविना मुले त्या कोठड्यांतून पाऊण तासात भटकून बाहेर पडतील आणि लगेच फादोच्या टेबलावर जाऊन बसतील. त्यापेक्षा आल्जुब राहिलेलेच बरे.