शब्दचर्चा: भार, प्रभार आणि आवेश

देवगड: आठवीची शिकवणी घेते. अणूच्या धड्यावर एकाने वहीत लिहिलं, 'इलेक्ट्रॉनचा भार ऋण असतो.' मी वाक्य खोडलं. तर म्हणतो, "बाई, आजोबांच्या जुन्या पुस्तकात विद्युतभार आहे." चार्जला भार आणि प्रभार, दोन्ही चालतं का?

मालवण: बाई, पोरगा खोटं बोलत नाही. चार्जला विद्युतभार म्हणत आलेत. घोळ होतो तो 'विद्युत' गळून नुसता 'भार' उरला की. तोच भार 'अणुभारा'त वस्तुमानाकडे जातो, लाइटबिलावरच्या 'मंजूर भारा'त किलोवॅटकडे. म्हणून प्रभार बरा. ऐकून कचेरीतला प्रभारी अधिकारी आठवतो खरा, पण निदान तराजू तरी आठवत नाही.

मुलांसमोर तांदूळ घेऊन बसा. एक दाणा इलेक्ट्रॉन धरला, तर प्रोटॉन म्हणजे १८३६ दाणे, चांगली मूठभर. वस्तुमानात एवढी तफावत, पण प्रभार दोघांचा सारखाच, १.६०२ × १०⁻¹⁹ कूलोम, चिन्ह तेवढं उलट. न्यूट्रॉन प्रोटॉनहून आणखी अडीच दाणे जड आणि प्रभार शून्य. तिथे 'भार शून्य' लिहिलं, तर सगळ्यांत जड गड्यालाच बिनवजनाचा केला की!

वेंगुर्ले: आमची पोरं हिंदी व्हिडिओ बघून 'आवेश' लिहितात. हिंदीत चार्ज म्हणजे आवेश, मास म्हणजे द्रव्यमान. मराठीत आवेश भाषणात येतो. जत्रेक अवसर येता तसो इलेक्ट्रॉनाच्या आंगात इलो की काय!

देवगड: 😄 आणि 'ऋण' म्हणजे काहीतरी कमी, असं मुलं धरून चालतात. त्याचं काय?

मालवण: खरी मेख तीच. धन-ऋण ही नावं फ्रँकलिनने अठराव्या शतकातच देऊन ठेवली. इलेक्ट्रॉन हाती लागला १८९७ मध्ये, थॉमसनच्या प्रयोगांत, आणि तो नेमका ऋण बाजूला निघाला. त्यामुळे फुगा केसांवर घासला की फुग्यावर इलेक्ट्रॉन वाढतात, तरी फुगा ऋणप्रभारित. सोसायटीच्या कर्जासारखं बघा, उचल वाढली की ऋणही वाढतं. कमी काही होत नाही.

देवगड: कर्जाचं उदाहरण इथे लगेच कळेल. उद्या ते खोडलेलं वाक्य पुन्हा लिहायला लावते, भाराआधी 'प्र' घालून. अर्धा गुण कापला होता, तोही परत देते.