मदत हवी आहे: क्रँक पुलीचा बोल्ट हलतच नाहीये

मंडळी, जुनी होंडा सिटी (2001, 1.5) आहे, टायमिंग बेल्ट घरीच बदलायला घेतलाय, सगळं उघडून झालं पण क्रँक पुलीचा (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या चाकाचा) मधला बोल्ट जाम अडलाय. पाचवा गिअर टाकून भावाला ब्रेकवर उभा केला, पान्याला चार फुटी पाइप लावला तरी इंजिनच थोडं फिरतं, माउंट दबतात, पाइप वाकतो आणि बोल्ट आपला ढिम्म. पाना बोल्टला लावून जमिनीला टेकवायचा आणि स्टार्टर मारून सोडवायचा, ही ट्रिक इथे चालत नाही कारण या इंजिनचा क्रँक उलटा फिरतो, बोल्ट अजूनच आवळेल.

पुलीच्या तोंडाला आत 50 एमएमचा षटकोनी खाचा आहे, पुली फिरू न देता धरून ठेवणारा होल्डर त्यातच बसतो म्हणे. तो पुण्यात भाड्याने कुठे मिळेल का? की लेथवाल्याकडून 50चा नट पट्टीला वेल्ड करून घेऊ? स्पार्क प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये दोरी भरून पिस्टन अडवायचा असंही एकाने सुचवलंय, पण व्हॉल्व वाकले तर काय घ्या! टॉर्चने तापवायचं नाहीये, मागेच ऑइल सील आहे. टायरवाल्याची इम्पॅक्ट गन लावली तर चालेल का, पण फेंडरच्या आत ती मावेल असं वाटत नाही. कोणी स्वतः केलं असेल तर प्लीज सांगा, गाडी जॅक स्टँडवर उभी आहे.